पेडगावचे प्रवासी

मराठीत ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ असा एक वाक्प्रचार आहे. पेडगाव हे भीमेच्या काठचे, श्रीगोंदे तालुक्यातले खरेखुरे गाव. पण मराठी माणसाच्या लेखी ते नकाशापेक्षा भाषेतच अधिक वसलेले आहे. सगळे कळत असून न कळल्याचा बहाणा करणारा तिकडे जातो. या वाक्प्रचारातले ‘पांघरणे’ हे क्रियापद आम्हांस फार बोलके वाटते. वेड शालीसारखे अंगावर घेता येते, काम झाले की घडी करून ठेवता येते, आणि आतला माणूस तेवढा वेळ शाबूत असतो, अशी ही कल्पना. गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांवर मनोविकारांचे खोटे प्रदर्शन मांडणाऱ्यांविषयी जी चर्चा चालते, तिच्या मुळाशीही हीच कल्पना आहे. तरुण मुलेमुली आजार पांघरून बसली आहेत, शाल ओढली की खालून धडधाकट माणूस निघेल, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांत आमचे सहकारी आहेत, पालक आहेत, आणि स्वतः तरुणही आहेत. आमचे म्हणणे एवढेच की शाल ओढण्यापूर्वी खाली काय असू शकते याचा थोडा विचार व्हावा. आणि आपल्या समाजात ही शाल बहुतेकांनी उलट्या बाजूने पांघरलेली आहे, याकडेही पाहावे.

एक उदाहरण जरा विस्ताराने घेऊ, कारण या विषयावरची उदाहरणे बहुधा ऐकीव असतात. टूरेट सिंड्रोम हा मज्जासंस्थेचा विकार. त्यात इच्छेविरुद्ध डोळे मिचकावले जातात, मान झटकली जाते, घशातून आवाज निघतात, क्वचित अपशब्दही. तो सहसा पाच ते सात वर्षे वयाच्या सुमारास हळूहळू सुरू होतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत तीनचार पट अधिक आढळतो. २०१९ च्या सुरुवातीस जर्मनीतल्या एका टूरेटग्रस्त तरुणाने मित्राच्या साथीने यूट्यूबवर एक वाहिनी सुरू केली. ‘गेविटर इम कॉप्फ’, म्हणजे डोक्यातले वादळ, हे तिचे नाव. त्या तरुणाचा आजार खरा होता आणि तो त्याविषयी मोकळेपणाने, विनोदाने बोलत असे. वाहिनी अल्पावधीत विलक्षण लोकप्रिय झाली. त्यानंतर हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठातील किर्स्टन म्यूलर-फाल यांच्या दवाखान्यात असे तरुण रुग्ण येऊ लागले, की ज्यांची लक्षणे त्या तरुणाच्या लक्षणांशी जुळत होती. जुळत होती म्हणजे शब्दशः जुळत होती. ‘उडणारे शार्क’, ‘तू कुरूप आहेस’ ही त्याच्या तोंडून अवचित निघणारी वाक्ये यांच्याही तोंडून तशीच निघत.

पुढे २०२० मध्ये महामारीची टाळेबंदी आली आणि ब्रिटन, अमेरिका, कॅनडा येथील बालरोग व मज्जाविकार विभागांत अशीच गर्दी झाली. येणाऱ्या बहुतेक पौगंडावस्थेतील मुली होत्या, आणि त्यांची लक्षणे एकाएकी, काही तासांत वा दिवसांत उद्भवलेली होती. टिकटॉकवरच्या टूरेटविषयक चित्रफिती त्यांच्या पाहण्यात होत्या. (भारतात टिकटॉकवर जून २०२० मध्येच बंदी आली, त्यामुळे ती लाट त्या वाटेने आपल्याकडे पोचली नाही. मात्र जुलैत इन्स्टाग्रामच्या रील्स आल्या आणि वाट पुन्हा मोकळी झाली.)

म्यूलर-फाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात एक निरीक्षण आहे. या रुग्णांना नावडते काम करताना लक्षणे इतकी छळत की शाळेतून, घरच्या जबाबदाऱ्यांतून त्यांना सूट मिळे. आवडीचे काम चालू असताना मात्र लक्षणे तात्पुरती नाहीशी होत. हे वाचून कोणाही मराठी आईच्या तोंडी एकच शब्द येईल: नाटकं! शाळा म्हटली की मान झटकते आणि मोबाइल हातात आला की बरे वाटते, यापरता पुरावा कोणता हवा?

डॉक्टरांनी मात्र तसे म्हटले नाही, आणि या सगळ्या प्रकरणातला शिकण्याजोगा भाग तोच आहे. त्यांचे निदान असे की हा टूरेट नव्हे, आणि हे ढोंगही नव्हे. शरीर खरोखर ताब्यात राहत नाही, पण मेंदूत टूरेटची विकृती नाही. ताण आणि चिंता यांना बाहेर पडायला जे रूप समोर दिसले ते त्यांनी घेतले. अशा विकारांना वैद्यकात ‘फंक्शनल’ म्हणतात, आणि अनुकरणातून समूहात पसरणारा आजार म्हणून या लेखात त्याची मांडणी झाली. ‘तुम्हांला टूरेट नाही’ एवढे नीट समजावून सांगितल्यावर काही रुग्ण झपाट्याने, पूर्णपणे बरे झाले. ‘तू खोटे बोलतेस’ असे सांगून ते साधले असते का, हा प्रश्न वाचकांनी आपापल्या घरी विचारून पाहावा.

वैद्यकशास्त्र या बाबतीत आपल्यापेक्षा काटेकोर आहे. रजा, पैसा, शिक्षेतून सुटका अशा बाहेरच्या लाभासाठी आजाराची बतावणी करणे हे एक. लाभ काहीच नाही, केवळ रुग्ण म्हणून कोणी आपली काळजी घ्यावी यासाठी जाणूनबुजून लक्षणे रचणे, हे दुसरे. आणि याला खुद्द मनोविकारच मानतात. वर सांगितलेला, जाणिवेच्या आड घडणारा प्रकार तिसरा. आपण या तिन्हींना ‘नाटक’ म्हणून मोकळे होतो.

आणि तरी गंमत अशी की तिसऱ्या प्रकाराची ओळख मराठी समाजाला मुळीच नवी नाही. नवरात्रात, जत्रेत, आरतीच्या टिपेला बायकांच्या अंगात येते ते काय आहे? घुमणे, केस मोकळे सुटणे, आवाज बदलणे, ही सगळी लक्षणे ठरावीक असतात आणि ती पाहूनच उचललेली असतात. हॅनोव्हरच्या मुलींनी शार्क उचलले तशीच. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी सून त्या अर्ध्या तासात सासूला जाब विचारते आणि सासू हात जोडून ऐकते. तिला ढोंगी म्हणावे तर नंतर तिला काही आठवत नसते; आजारी म्हणावे तर दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी पाणी भरते. गाव या पेचात पडत नाही. ‘तिच्या अंगात येतं’ या वाक्यात कर्ता कोण, हे व्याकरणानेच धूसर ठेवले आहे. ती काही करत नाही, तिच्यात काही येते.

यावर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने काम केले आणि ते आवश्यकच होते, कारण त्याच धूसरतेत बुवा आणि देवऋषी आपली दुकाने थाटतात. पण २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची रचना पाहिली तर तिथेही विवेक दिसतो. अंगात संचार झाल्याचे भासवून इतरांत भीती निर्माण करणे, फसवणे, लुबाडणे यांवर कायद्याचा रोख आहे. आरतीत घुमणाऱ्या सुनेला पकडायला पोलीस येत नाहीत. ती ‘खरी’ की ‘खोटी’ हे न ठरवता, तिच्या नावाने कोणाचे काय नुकसान झाले, हे कायदा विचारतो. समाजमाध्यमांवरच्या आजारांना हाच प्रश्न का लावू नये?

लावल्यास काहींचा अपराध स्पष्टच दिसतो. मार्क फेल्डमन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने २००० साली ‘इंटरनेटवरील मुन्शहाउझेन’ असे नाव देऊन काही प्रकरणे मांडली होती. (रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टराने १९५१ मध्ये रचलेल्या आजारांना एका थापाड्या जहागीरदाराचे नाव दिले होते, तेच हे.) रुग्णांनी एकमेकांना आधार द्यावा म्हणून निघालेल्या गटांत कोणी एक शिरतो, मरणाच्या दारातून पुन्हापुन्हा परत येतो, दुसऱ्याकडे लक्ष वळले की याला नवा झटका येतो, आणि खरी दुखणी घेऊन आलेली माणसे रात्र रात्र जागून त्याचे सांत्वन करीत राहतात. उघडकीस आल्यावर गट फुटतो. पुन्हा कोणावर विश्वास टाकण्याची ताकद त्या माणसांत राहत नाही. हे ओळखावे कसे, याच्या फेल्डमनने दिलेल्या खुणांत एक आम्हांस विशेष भावली: रुग्णाच्या आईच्या, भावाच्या, मैत्रिणीच्या नावाने आलेले मजकूर एकाच शैलीत, त्याच त्या चुकांसह लिहिलेले असतात. म्हणजे इथे उपयोगी पडते ती पाठचिकित्सा! प्रक्षिप्त अभंग ओळखण्यात आमच्या पिढ्यांनी घातलेली हयात अगदीच वाया गेली नाही म्हणायची.

याहून मोठे, पण सौम्य दिसणारे नुकसान अज्ञानाच्या व्यापाराचे. कॅनडातील संशोधकांनी एडीएचडीविषयीच्या टिकटॉकवरील सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या शंभर चित्रफिती तपासल्या. त्यांपैकी ५२ दिशाभूल करणाऱ्या निघाल्या (त्यांचा लेख २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला). ‘किल्ल्या हरवतात? एडीएचडी! पुस्तक अर्धवट सुटते? एडीएचडी!’ अशा धर्तीच्या अर्ध्या मिनिटाच्या निदानात बोलणारा खोटे आजारपण रचत नसेलही, पण ऐकणाऱ्याला तो एक तयार अंगरखा शिवून देतो. पाहणाऱ्याने एकदा तो घालून पाहिला की यंत्र त्याला त्याच मापाचे आणखी पन्नास दाखवते. अशा रीलकर्त्यांना मोकळे सोडावे असे आम्ही म्हणणार नाही. पुढे जाहिरात, अभ्यासक्रम आणि सल्ल्याची फी येत असेल तर तो देवऋषीच झाला, त्याचा अंगारा डिजिटल असेना का.

परंतु ढोंग पकडण्याच्या उत्साहात जे चालते, त्याचे नुकसानही कोणी मोजावे. परक्या मुलीची चाळीस सेकंदांची चित्रफीत पाहून ‘ही नाटकी’ असा निवाडा देणारे न्यायाधीश आता घरोघर आहेत. या निवाड्याची लायकी तरी काय? स्टॅनफर्डचे डेव्हिड रोझेनहान यांनी १९७३ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक प्रसिद्ध लेख लिहिला. त्यानुसार आठ निरोगी माणसे आवाज ऐकू येत असल्याची बतावणी करून बारा रुग्णालयांत गेली, सर्व ठिकाणी दाखल झाली, आणि आत गेल्यावर नेहमीसारखे वागूनही सात ते बावन्न दिवस आत राहिली. डॉक्टरांना संशय आला नाही. शेजारच्या रुग्णांपैकी काहींना आला. पुढे २०१९ मध्ये सुझॅना कॅहलन यांनी पुस्तकभर शोध घेऊन, रोझेनहान यांनी आपल्या अहवालात बरेच काही रंगवून सांगितले असावे, अशा गंभीर शंका उपस्थित केल्या. सोंगाविषयीचे संशोधनच सोंग ठरावे, हा या विषयाचा स्वभावच म्हणायचा. तेव्हा तज्ज्ञही जिथे दोन्ही बाजूंनी फसतात, तिथे अंगठ्याने पडदा सरकवणाऱ्या प्रेक्षकाने इतके निश्चिंत असू नये.

साहित्यात तर ही अनिश्चितता रसाचेच कारण आहे. हॅम्लेट वेडाचे सोंग घेतो हे तो स्वतः सांगतो. तरीही सोंग कुठे संपते आणि वेड कुठे सुरू होते यावर चार शतके वाद चालू आहे. आगरकरांनी १८८३ मध्ये या नाटकाचे भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा त्याला ‘विकारविलसित’ असे नाव दिले. विकार म्हणजे मनाचा क्षोभ आणि व्याधीही. विलसित म्हणजे त्याचा खेळ, त्याचे प्रकटणे. आजार आणि त्याचे प्रदर्शन यांना एका समासात बांधणारा इतका नेमका शब्द आम्हांला आजच्या चर्चेत अजून आढळलेला नाही. आणखी मागे जायचे तर ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना गावाने वेडे म्हटले आणि महानुभावांनी तेच वेडे चाळे लीळा म्हणून जतन केले. एकनाथांच्या भारुडांतला आंधळा, बहिरा, मुका ही सोंगेच. पण कोणी कीर्तनात उठून ‘तुला चांगले दिसते, उगाच आंधळा होऊ नकोस’ असे म्हणत नाही. सोंग आणि ढोंग यांत मराठीने जे अंतर ठेवले होते ते हल्लीच्या बोलण्यात बुजत चालले आहे. सोंग आणणाऱ्याला त्यातून काही सांगायचे असते. ढोंग करणाऱ्याला काही लपवायचे असते.

भाषेचाच विषय निघाला आहे तर आमच्या व्यवसायाशी संबंधित एक तक्रार मांडतो. ‘डिप्रेशन’, ‘अँक्झायटी’, ‘ट्रॉमा’, ‘ओसीडी’ या चार शब्दांत विद्यार्थ्यांचे सगळे मनोजीवन आता बसते. पेन सरळ ठेवणारी मुलगी स्वतःला ओसीडी म्हणवते. उदास, खिन्न, विषण्ण, उद्विग्न यांतल्या छटा शिकवायला उदाहरण द्यावे तर वर्ग म्हणतो, ‘म्हणजे डिप्रेशनच ना, सर?’ हुरहूर, काहूर, धास्ती, जीव घाबरा होणे, मन उडणे, कशात जीव न रमणे हे सगळे शब्द परीक्षेपुरते उरले. ऱ्हासाचा हा पाढा आम्हीही पुष्कळ दिवस म्हणत होतो. पण या तक्रारीला दुसरी बाजू आहे. त्या जुन्या, छटादार शब्दांना घरात काय उत्तर मिळत असे? ‘हुरहूर लागते’ म्हणणाऱ्या मुलीला ‘रिकामे मन, दुसरे काय’ हे उत्तर होते, आणि ‘जीव घाबरा होतो’ याला देवाचे नाव. त्या शब्दांनी कोणाला दवाखान्यापर्यंत नेले नाही. ‘अँक्झायटी’ म्हटले की निदान बाप क्षणभर थांबतो. उसना शब्द हा त्या मुलीचा प्रवासाचा परवाना आहे. तो थोडा फुगवून भरलेला असला तरी प्रवास खोटाच असतो असे नाही.

आता उलट्या पांघरलेल्या शालीविषयी. आम्ही दोघे मिळून चाळीसेक वर्षे महाविद्यालयात शिकवत आहोत. हजेरी कमी भरली की विद्यार्थी वैद्यकीय प्रमाणपत्र आणतात, आणि त्यांतली कित्येक खोटी असतात हे प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सर्वांना ठाऊक असते. विषमज्वर, कावीळ, डेंग्यू, अपघातात पाय मुरगळणे: या खोट्या आजारांची एक परंपराच आहे आणि ऋतूनुसार ती बदलतेही. एवढ्या वर्षांत मनोविकाराचे खोटे प्रमाणपत्र आमच्यासमोर एकदाही आले नाही. उलट मात्र घडलेले आहे. कावीळ म्हणून दीड महिना घरी राहिलेला मुलगा वस्तुतः मनोविकारतज्ज्ञाच्या उपचारांखाली होता, हे पुढे त्याच्याच तोंडून कळले. प्रमाणपत्रावर कावीळ लिहून घेण्यासाठी वडिलांनी दुसरा डॉक्टर गाठला होता. म्हणजे खोटे होतेच. आजार खरा होता, नाव खोटे होते.

वडिलांना दोष देणे सोपे आहे. पण घरात धाकटी बहीण लग्नाची आहे, आणि ‘घराण्यात वेड आहे का’ हा प्रश्न आपल्या पाहण्याच्या कार्यक्रमांत अजून विचारला जातो. तोंडावर नाही तर शेजाऱ्यांकडे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात विशिष्ट स्वरूपाचा मनोविकार हे विवाह रद्द करण्याचे वा घटस्फोटाचे कारण होऊ शकते, हे ज्यांनी कायदा कधी उघडलेला नाही त्यांनाही पक्के माहीत असते. नोकरीच्या ठिकाणी काय होते हे सांगायला नको. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत (तिच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता) निरनिराळ्या मनोविकारांच्या रुग्णांपैकी ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत लोक उपचारांविना असल्याचे आढळले. उपचारांविना असण्याची कारणे अनेक, डॉक्टरांचा तुटवडा हे त्यांतले मोठे. पण या लोकांपैकी कितीजण रोज सकाळी आंघोळ करून, डबा घेऊन, सगळे ठीक असल्याचे सोंग वठवीत घराबाहेर पडत असतील याचा अंदाज करावा. पैशाचे सोंग आणता येत नाही म्हणतात. निरोगीपणाचे येते, आणि ते वर्षानुवर्षे आणावे लागते.

‘देवराई’ (२००४) आणि ‘कासव’ हे सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचे दोन चित्रपट आम्ही विद्यार्थ्यांना दाखवतो. एक स्किझोफ्रेनियाविषयी, दुसरा नैराश्याविषयी. चित्रपट संपल्यावरच्या चर्चेत कोणी स्वतःविषयी बोलत नाही, हा आमचा जुना अनुभव. गेल्या चारपाच वर्षांत मात्र एखादी मुलगी उठून बोलते, आणि तिचे शब्द रीलमधले असतात. मागच्या बाकावरून ‘ॲक्टिंग’ असा दबका आवाज येतो. तो ऐकून ती खाली बसते. तिच्याविषयी आम्हांस फारशी काळजी नाही; ती पुन्हा बोलेल, तिच्याजवळ शब्द आहेत. जो अजून बोललेला नाही आणि ज्याने तो दबका आवाज ऐकला, तो त्या दिवशी काय ठरवून घरी जातो, याची काळजी वाटते.

म्हणून कोणी मोबाइल पुढे करून ‘मॅडम, मला हेच आहे’ म्हणाले, तर ‘हे’ म्हणजे काय या वादात आम्ही शिरत नाही. झोप किती लागते, जेवण जाते का, घरी कोण कोण आहे, एवढे विचारतो. पुष्कळदा ‘हे’ बाजूला राहते आणि थकलेली फी निघते, न विचारता ठरवलेले स्थळ निघते, एखादे प्रेमप्रकरण निघते. कधी खरोखरच आजार निघतो, पण मोबाइलमधला नव्हे, दुसराच. मग जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून मनोविकार विभागाबाहेर बाकावर बसावे लागते, आणि शक्य असल्यास आमच्यापैकी एकजण सोबत जातो. ज्यांना तेवढेही जमणार नाही त्यांना १४४१६ हा क्रमांक देतो. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्यावर मराठीतून बोलता येते, आणि पैसे पडत नाहीत.